सटवाईला कागद एक ठेवायचा का दोन?

मागच्या महिन्यात बहिणीला जुळ्या पोरी झाल्या. पहिलं बाळंतपण म्हणून आमच्याकडंच आहे ती. पाचवीच्या संध्याकाळी माय पूजेची तयारी करत होती, मधेच थांबून मला म्हणली, "कागद एक ठिवायचा का रं दोन?" आमच्याकडं पाचवीला सटवाईच्या पूजेत कोरा कागद आन् पेन ठेवतात, रात्री ती येऊन लेकराच्या नशिबात काय ते लिहून जाते म्हणे. मी म्हणलं दोन ठेव. तर माय म्हणली, "सोनोग्राफीवाली तर म्हणली दोघीचं सगळं एकच हाय म्हणून."

सोनोग्राफीवाल्या मॅडम एवढंच म्हणल्या होत्या की वार, म्हणजे प्लासेंटा, एकच आहे, म्हणजे एका गर्भाच्याच दोन झालेल्या, जीन्स सेम टू सेम. पण मायचा प्रश्न काही डोक्यातून जाईना, कारण जन्मल्या तेव्हाच एक २ किलो १०० ग्रॅम आन् दुसरी १ किलो ७५०. एकच पोट, एकच वार, पण एकीची नाळ मधोमध जोडलेली आणि दुसरीची पार कडेला, त्यामुळं वाटा कमी आला म्हणाले डॉक्टर. कडेलाच का? ह्याला कारणच नाही, रुजताना तशी रुजली. अशा जुळ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा एकसारखे नसतात. ओळखू याव्यात म्हणून लहानीच्या मनगटाला काळा दोरा बांधलाय, तरी अण्णा दोनदा चुकले.

आता माझी अडचण सांगतो. मी लातूरला नीटच्या क्लासला बायोलॉजी शिकवतो आणि वर्षातून शंभर वेळा पोरांना सांगतो की सगळं तुमच्या हातात आहे, मेहनत करा बस. घरी आलं की सगळं कपाळावर लिहिलेलं असतं. एकीकडं पगार मिळतो, दुसरीकडं जेवण, त्यामुळं वाद घालायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. पण नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबर आलं तर ४ आणि चुकलं तर उणे १, म्हणजे एक तुक्का लागला का हुकला ह्यात ५ मार्कांचं अंतर, आणि ज्या मार्कांना पोरांची गर्दी असते तिथं ५ मार्कांत रँक कुठल्या कुठं जातो. मग बॅनरवर ज्याचा फोटो लागतो त्याची जिद्द, आणि ज्याचा नाही लागत त्याचा बाप आपल्यासमोर बसून विचारतो, सर, पोरगं कुठं कमी पडलं? तुक्क्यात कमी पडलं असं तोंडावर सांगता येत नाही.

गंमत म्हणजे 'जीन' हा शब्द ज्यानं १९०९ मध्ये काढला, तो विल्हेल्म योहानसेन नावाचा डॅनिश माणूस त्याआधी घेवड्याच्या बिया तोलत बसलेला होता. घेवडा स्वतःच्याच परागावर धरतो, त्यामुळं एका झाडाची पिढ्यानपिढ्याची पिलावळ जवळपास सारख्याच जीन्सची. तरीबी बिया लहानमोठ्या. त्यानं एकाच वाणातल्या सगळ्यात बारक्या बिया आणि सगळ्यात टपोऱ्या बिया वेगवेगळ्या पेरल्या, तर पुढच्या पिकात दोन्हीचं सरासरी वजन तेवढंच. म्हणजे बारकी बी खानदानानं बारकी नव्हतीच!

हे मी दहा वर्षं शिकवलंय पण डोळ्यासमोर कधी आणलं नव्हतं. सोयाबीन पण तसंच, स्वतःवरच धरणारं. आमच्या रानात एकाच बॅगतलं बी, एकच ओळ, एकाच दिवशी पेरलेलं, पाऊस एकच, एका झाडाला पन्नासेक शेंगा आणि बाजूलाच वीतभर अंतरावरच्याला मोजून बारा. अण्णाला विचारलं असं कसं, तर म्हणले, "त्याच्या खालच्या ढेकळाला इचार." बरोबरच आहे, थोडं ढेकूळ, थोडा किडा, पण उरलेलं?

उरलेल्याचा हिशोब अमेरिकेत सूअल राइट नावाच्या शास्त्रज्ञानं १९२० मध्ये मांडला. भावाबहिणींची जोडी लावत पिढ्यानपिढ्या वाढवलेले गिनीपिग होते, जीन्स जवळजवळ सारखे, पण अंगावरचे पांढरे ठिपके प्रत्येकाचे निराळे. वंशाचा वाटा नावालाच निघाला, एका वेताच्या पिलांना मिळालेल्या सारख्या परिस्थितीचा पण थोडकाच, आणि ९० टक्क्यांहून जास्त फरक नुसता अंग घडतानाच्या इकडंतिकडं होण्याचा. पेशींच्या धांदलीत कोण कुठं आधी पोचलं, एवढंच. आपण आपलं 'बापावर गेलाय' नाहीतर 'संगतीनं बिघडला' ह्या दोनच खुंट्यांवर सगळं टांगतो.

बरं मग ह्यात आपली मर्जी कुठं? काहीजण म्हणतात योगायोग आहे म्हणजेच माणूस मोकळा आहे. मला नाही पटत. माझ्या नावानं फासा पडला म्हणून तो मी टाकला असं थोडीच होतं.

मी तंबाखू खातो, खातो म्हणजे खायचो, म्हणजे बघू. आजोबा खायचे, अण्णा खातात, भाऊ मात्र शिवतसुद्धा नाही. निकोटिन मोडणारं लिव्हरमधलं एक एन्झाइम असतं, त्याचं जीन कुणाचं जोरात चालतं कुणाचं ढिलं, त्यावर तलफ किती लवकर परत येते हे बरंचसं ठरतं. तर माझा हात कधी खिशात गेला हेच मला कळायचं नाही, चुना लावून मळायला सुरुवात झाली की मग कळायचं की अच्छा, आपल्याला खायचीय. बेंजामिन लिबेट नावाच्या मेंदूच्या शास्त्रज्ञानं १९८३ ला हेच मशीनवर पकडलं, हात हलायच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत तयारी सुरू, आणि 'मला हलवायचाय' हे माणसाला कळतं ते साधारण पाव सेकंद आधी. त्यावरून लय लोकांनी मर्जीचं तेरावं घातलं. मग २०१२ मध्ये आरन शुर्गर आणि त्याच्या जोडीदारांनी म्हणलं की ती तयारी वगैरे काही नसेल, मेंदूतली नेहमीची खळबळ वरखाली होत असते आणि ती एका रेषेच्या वर गेली की हात हलतो. म्हणजे इथंबी ठिपकेच!

बहीण म्हणली, "भैय्या, पोरींना घेऊ नको, तोंडाचा वास येतो." बस. त्या दिवसापासून पुडी स्कूटीच्या डिकीत ठेवायला लागलो. क्लास तिसऱ्या मजल्यावर, स्कूटी खाली, लिफ्ट कायम बंद. हात खिशात जातो अजून, पण खिशात काही नसतं, आणि सहा जिने उतरेपर्यंत मला पूर्ण कळलेलं असतं की मी काय करायलोय. त्या अर्ध्या सेकंदात मी काहीच जिंकलेलो नाही, सकाळच्या मी दुपारच्या मला जिने लावून दिलेत एवढंच. आता ही अक्कल आली ती पण पोरी झाल्या म्हणून, बहिणीचं नाक तिखट म्हणून, ते मी थोडंच ठरवलं होतं. पण जिने उतरायचे का नाही ह्यात मी कुठंतरी आहे असं वाटतं खरं. पाचसहा वेळा उतरलोय, खोटं कशाला बोलू.

क्लासमध्ये पण वाक्य बदलून बघितलं. म्हणलं, थोडं तुमच्या हातात आहे, तेवढं सोडू नका. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि एकानं विचारलं, "सर, थोडं म्हणजे किती टक्के?"

मायनं शेवटी कागद दोनच ठेवले होते. सकाळी दोन्ही कोरे. एकावर तिनं किराण्याची यादी केली, आणि दुसरा बहिणीनं पलंगाशेजारी चिकटवलाय, कुणाला किती वाजता पाजलं ते लिहायला, दोऱ्यावाली आणि बिनदोऱ्याची असे दोन रकाने करून.