नाणेफेक राहू द्या, ते १३ सेकंद बघा

जानेवारी संपत आला की सांगलीहून बफेलोला फोनवर एक प्रश्न हमखास येतो: "तुमचे बिल्स यंदाही त्या कॅन्सस सिटीकडून हरले का?" बिल्स म्हणजे अमेरिकेतल्या बफेलो शहराचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. २०२१, २०२२, २०२४ आणि २०२५ अशा चार जानेवारींत बफेलो बिल्सना बाद फेरीतून बाहेर काढलं ते कॅन्सस सिटी चीफ्सनीच. त्यातले तीन पराभव इथं बफेलोत लोक एव्हाना पचवून बसलेत. चौथा अजून घशात आहे. २३ जानेवारी २०२२ ची रात्र, कॅन्सस सिटीचं अ‍ॅरोहेड स्टेडियम, ४२-३६. सांगलीत तेव्हा सोमवारची पहाट होती. सामना सुरू झाला पाचच्या सुमाराला, म्हणजे तालमीत जोर-बैठका चालू असतात त्या वेळेला.

गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅपवर या सामन्याची एकच कथा फिरते: बफेलो जादा वेळेची नाणेफेक हरलं, म्हणून सामना हरलं. इथल्या पबमध्ये ही कथा कुणी सांगायला लागलं तर शेजारचा माणूस पेला खाली ठेवतो आणि टेबलावर मिठाच्या-मिरीच्या डब्या मांडून समजावायला बसतो. त्या डब्यांचा हिशेब काय, तो बघू.

आधी थोडी जुळवाजुळव. फुटबॉल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोल्हापूरचं शाहू स्टेडियम येतं, पण हा तो खेळ नव्हे. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण, चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबुडका. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढं सरकायचं, सरकलात की आणखी चार प्रयत्न. चेंडू घेऊन पलीकडच्या पट्ट्यात पोचलात तर टचडाउनचे ६ गुण, वर जोडकिकेचा १. तिथवर पोचणं जमेना, तर लांबून खांबांमधून लाथाडायचा. तो फील्ड गोल, ३ गुण. आणि घड्याळ. खेळाडू मैदानात पडला तर घड्याळ चालू राहतं. रेषेबाहेर गेला किंवा फेकलेला चेंडू कुणी झेललाच नाही तर थांबतं. शिवाय प्रत्येक संघाला सामन्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात तीन टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवण्याच्या तीन चिठ्ठ्या. बाकीचे नियम विसरा, पण घड्याळ आणि चिठ्ठ्या ध्यानात ठेवा.

त्या मोसमात बिल्सचा बचाव लीगमध्ये पहिल्या क्रमांकाचा होता, सर्वांत कमी यार्ड आणि सर्वांत कमी गुण देणारा. एक भोक होतं: त्यांचा सर्वांत चांगला कॉर्नरबॅक (समोरच्याचे झेल अडवणारा गडी) ट्रेडेव्हियस व्हाइट नोव्हेंबरातच गुडघ्याचा अस्थिबंध फाटून घरी बसला होता. तरी शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत सामना पकडीत होता. मग दोन मिनिटांत दोघांनी मिळून २५ गुण केले. चीफ्स २६-२१ पुढं असताना बिल्सचा चौथा प्रयत्न, १३ यार्ड जायचे होते. बिल्ससाठी चेंडू फेकणाऱ्या जॉश अ‍ॅलननं गेब्रियल डेव्हिसला २७ यार्डांचा टचडाउन दिला, वर दोन गुणांचा प्रयत्नही स्टेफॉन डिग्जनं साधला. २९-२६, घड्याळात १:५४. चीफ्सचा टायरीक हिल ६४ यार्ड पळाला, ३३-२९, घड्याळात १:०२. पुन्हा अ‍ॅलन, पुन्हा डेव्हिस, १९ यार्ड. ३६-३३, घड्याळात ०:१३. डेव्हिसचा हा त्या रात्रीतला चौथा टचडाउन. बाद फेरीच्या एका सामन्यात तोवर कुणी चार झेलले नव्हते.

इथं एक शंका नेहमी निघते की अ‍ॅलननं थोडा वेळ खाऊन मग गुण का नाही केले. चार गुणांनी मागं असलेल्या संघाला फील्ड गोल पुरत नाही, टचडाउनच लागतो. तो मिळत असताना कुणी सोडत नाही. त्या पोराला यात ओढू नका.

आता मिठाची डबी, म्हणजे त्यानंतरची लाथ. कबड्डीत शेवटची चढाई आपली आणि एका गुणाची आघाडी असेल तर आपला चढाईपटू निदानरेषा ओलांडून येतो आणि उरलेला वेळ दम घुमवत मध्यरेषेपाशी काढतो. या खेळात ती सोय नाही. गुण केलात की चेंडू लाथाडून समोरच्याला द्यावाच लागतो. प्रश्न उरतो तो कसा द्यायचा एवढाच.

बिल्सचा किकर टायलर बासनं तो थेट मागच्या पट्ट्याबाहेर मारला. याला टचबॅक म्हणतात: तेव्हाच्या नियमानं चेंडू घेणाऱ्या संघाच्या २५ यार्डांच्या रेषेवर ठेवायचे आणि घड्याळातला एक सेकंदही जात नाही, कारण किकऑफनंतर (म्हणजे या लाथेनंतर) घड्याळ सुरू होतं ते मैदानात चेंडूला कुणाचा हात लागल्यावर. १३ चे १३ सेकंद चीफ्सच्या ओट्यात पडले, आणि तिन्ही टाइमआउटही त्यांच्याकडं शिल्लक.

बफेलोतले दहातले आठ जण म्हणतील, "स्क्विब मारायला हवी होती." म्हणजे मुद्दाम खुजी, टप्पे खात जाणारी लाथ. चेंडू लांबुडका असल्यानं टप्पा कुठं वळेल याचा भरवसा नाही. घेणारा चाचपडतो, पळतो, चार-पाच सेकंद जातात. ऐकायला गोड आहे. पण समोरचे काही दुधखुळे नव्हते. पुढच्या फळीतल्या कुणीही टप्पा खाणाऱ्या चेंडूवर नुसतं अंग टाकलं असतं तर जेमतेम दीड-दोन सेकंद गेले असते आणि चेंडू २५ ऐवजी ३८-४० यार्डांवर आला असता. १५ यार्ड देऊन दोन सेकंद घेणं हा घाट्याचा सौदा. शिवाय तो कडेनं मैदानाबाहेर गेला तर दंड म्हणून सरळ ४० यार्डांवर.

आमच्या मते नीट उपाय तिसरा होता: उंच लाथ, पट्ट्याच्या अलीकडं ५ ते १० यार्डांच्या मध्ये पडणारी. किकऑफचा चेंडू जिवंत असतो, १० यार्ड पार केले की लाथाडणाऱ्या संघालाही तो उचलता येतो. त्यामुळं समोरच्याला तो सोडून देता येत नाही. घेऊन पळाला तर सेकंद जातात. हात वर करून 'फेअर कॅच' घेतला तर सेकंद जात नाहीत, पण तेव्हाच्या नियमानं चेंडू जिथं झेलला तिथंच राहायचा. (झेलला तरी २५ वर ठेवायचा नियम लीगनं २०२३ साली आणला.) म्हणजे दोन्हीकडून बफेलोचाच फायदा. धोका एकच, लांब परतधाव. पण पाठलागाला ताज्या दमाची दहा माणसं असतातच.

तरीसुद्धा, फक्त त्या लाथेनं सामना गेला नाही. खरी चूक मिरीच्या डबीची, म्हणजे बचावाच्या मांडणीची.

हिशेब मांडा. चेंडू २५ वर. १३ सेकंदांतले तीन-एक शेवटच्या लाथेसाठी राखायचे. उरले १०, म्हणजे दोन डाव (चेंडू पुढं न्यायचे प्रयत्न), फार तर तीन. खांब मागच्या पट्ट्याच्या शेवटी असतात आणि चेंडू धरणारा सात-आठ यार्ड मागं बसतो, म्हणून चेंडू जिथं असेल त्यात १७-१८ मिळवले की किकेचं अंतर निघतं. चीफ्सचा किकर हॅरिसन बटकर पायाचा दणकट, पण त्या रात्री त्याची ५० यार्डांची एक किक आणि एक साधी जोडकिकही हुकली होती. त्याला ६० यार्डांवरून मारायला लावलं असतं तर पैज बफेलोच्या बाजूनं होती. थोडक्यात, दोन डावांत ३२-३३ यार्डांच्या वर द्यायचे नव्हते. बिल्सनी ४४ दिले.

कसे? बचावाचे गडी खूप मागं आणि दोन्ही कडांना उभे केले, मधला पट्टा मोकळा. ही रचना चुकीची नाही, चुकीच्या वेळी वापरली. चार किंवा जास्त गुणांची आघाडी असेल तर समोरच्याला टचडाउनच हवा असतो. तेव्हा मागं उभं राहून मधले २० यार्ड खुशाल द्यावेत. आणि समोरच्याचे टाइमआउट संपले असतील तर कडा राखाव्यात, कारण रेषेबाहेर जाणं हाच त्याला घड्याळ थांबवण्याचा मार्ग उरतो. इथं आघाडी तीनची होती आणि टाइमआउट तीन होते. दोन्ही कारणं गैरलागू. दोन चेंडूंत चार धावा हव्यात, म्हणजे दोन-दोन धावल्या तरी चालतं, आणि कप्तानानं नऊच्या नऊ गडी सीमारेषेवर पाठवलेत, असा तो प्रकार. चौकार अडला, सामना गेला.

पहिला डाव: चीफ्ससाठी चेंडू फेकणाऱ्या पॅट्रिक महोम्सनं हिलला छोटा चेंडू दिला, समोर रान मोकळं, १९ यार्ड, ५ सेकंद. टाइमआउट. घड्याळात ०:०८, चेंडू चीफ्सच्या ४४ वर. दुसरा डाव: चीफ्सचाच ट्रॅव्हिस केल्सी सुरुवातीच्या रेषेवरून सुटला तेव्हा त्याला कुणी हातसुद्धा लावला नाही. दोन बचावपटूंच्या मधल्या फटीतून तो नाकासमोर पळाला, २५ यार्ड, पुन्हा ५ सेकंद. टाइमआउट. ०:०३, चेंडू बफेलोच्या ३१ वर. बटकर, ४९ यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर. ३६-३६. तिसरा टाइमआउट लागलाच नाही.

केल्सीला हात न लावणं, हे इथल्या जाणत्यांना सगळ्यात जास्त डाचतं. सुरुवातीच्या ५ यार्डांत बचावपटूला समोरच्याला छातीवर धक्का देऊन अडवायची मुभा आहे. त्यात एक सेकंद जरी खाल्ला असता, तरी १३ च्या हिशेबात तो मोठा. आणखी पुढचा विचार करणारे म्हणतात, सरळ मिठी मारून धरायचं होतं: धरल्याचा दंड ५ यार्ड, गेलेले सेकंद परत मिळत नाहीत. हेही अर्धं खरं. एकाच डावात अनेकांनी मिळून वेळ खाण्यासाठी धरलं तर १५ यार्ड दंड आणि घड्याळ मागं, असा नियम २०१७ पासून आहे. आधीच्या वर्षी एका संघानं हीच क्लृप्ती वापरली होती. पण एकट्या केल्सीला एकट्यानं धरलं असतं तर तो साधा फाउल झाला असता. पाच यार्डांत स्वस्त सुटला असता सौदा.

बिल्सचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक शॉन मॅकडरमॉट यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं ते एवढंच की अंमलबजावणी कमी पडली. लाथ तशी मारायचा हुकूम कुणाचा, हे त्यांनी उलगडून सांगितलं नाही. म्हणून पबातली डब्यांची मांडामांड थांबत नाही.

बरोबरीमुळं जादा वेळ आली, आणि तिची नाणेफेक या सगळ्याच्या नंतरची. अ‍ॅलननं 'टेल्स' मागितलं, 'हेड्स' पडलं. चीफ्सनी चेंडू घेतला, ८ डावांत ७५ यार्ड, केल्सीचा टचडाउन. तेव्हाच्या नियमानं पहिल्याच ताब्यात टचडाउन झाला की खेळ खलास. त्या रात्री डोळ्याला डोळा देऊन खेळलेल्या अ‍ॅलनला जादा वेळेत चेंडूला हातही लावता आला नाही. अन्यायच होता तो, नाही कोण म्हणतंय? मार्च २०२२ मध्ये संघमालकांनी २९ विरुद्ध ३ मतांनी बाद फेरीपुरता नियम बदलला, आता दोघांनाही एकेकदा चेंडू मिळतो.

पण नाण्याची ताकद किती ते बघा. बरोबर एका आठवड्यानं, त्याच मैदानावर, त्याच चीफ्सनी सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध जादा वेळेची नाणेफेक पुन्हा जिंकली. महोम्सचा चेंडू बेंगल्सनी पळवला, फील्ड गोल मारला, २७-२४ नं चीफ्स घरी. नवा नियम पहिल्यांदा वापरात आला तो फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात. तिथं नाणेफेक जिंकून सॅन फ्रान्सिस्कोनं चेंडू आधी घेतला. नियम बदललाय हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं त्यांचेच काही खेळाडू नंतर म्हणाले. आणि जिंकलं कोण? पुन्हा चीफ्स, २५-२२.

बफेलोला पराभव नवा नाही. १९९१ ते १९९४ सलग चार सुपर बोल हरलेलं हे गाव. त्यातल्या पहिल्यात ४७ यार्डांची शेवटची किक उजवीकडून बाहेर गेली आणि एका गुणानं सामना गेला. जानेवारी २०२४ मध्ये, याच चीफ्सविरुद्ध, २७-२४ नं मागं असताना बासची ४४ यार्डांचीही उजवीकडूनच. 'वाइड राइट' हे दोन शब्द इथं मोठ्यानं उच्चारू नयेत, विशेषतः पुढ्यात चिकन विंग्ज असताना. (विंग्जसोबत ब्लू चीजच मागवा. रँच मागितलंत तर तुम्ही पाहुणे आहात हे लगेच कळतं.) चीफ्सच्या चाहत्यांबद्दल मात्र बफेलोत फार वाईट बोललं जात नाही. त्या सामन्यानंतर त्यांनी बफेलोच्या मुलांच्या इस्पितळाला माणशी १३ डॉलर पाठवले, बघता बघता लाखावर डॉलर जमले. १३ हा आकडा डिवचण्यासाठी होता की मायेपोटी, यावरही दोन तट आहेत.

सामन्याची फीत पुन्हा बघणार असाल तर शेवटच्या किकऑफपासून लावा आणि चेंडूकडं बघू नका. लाथ बसताच फीत थांबवा आणि घड्याळ वाचा. मग पहिल्या डावाआधी पुन्हा थांबवून बफेलोचे किती गडी ४० यार्डांच्या पलीकडं उभे आहेत ते मोजा. दुसऱ्या डावाआधी केल्सीच्या समोर बोट ठेवा, आणि त्याच्या छातीपासून सर्वांत जवळचा पांढरा हेल्मेटवाला गडी किती लांब आहे ते बघा. दुपारच्या चहाला कट्ट्यावर साखरेची आणि चहापत्तीची डबी पुरेल.