परतीचं तिकीट विसरलेला भाचा

इंदूरहून महू २३ किलोमीटर. सकाळचे पोहे जिरायच्या आत आत्याकडे पोचतो, त्यामुळे जाणं होतं ते तासाभराचंच. या वेळी तिनं फोनवरच बजावलं, "चहा पिऊन पळायचं नाही. मला छोट्या लायनीच्या गाडीत बसव."

आतोबा रेल्वेत होते आणि आत्याचं सासर अकोल्याचं. ही छोटी लाईन, म्हणजे अरुंद रुळांची मीटर गेज, होती तोवर महू-खंडवा-अकोला हा प्रवास तिनं किती वेळा केला याचा हिशोब नाही. पण दर वेळी कडेवर एक, बोटाला एक आणि पायाशी ट्रंक. घाट म्हणून कधी पाहिलाच नाही म्हणते. आता त्या लायनीचा पातालपानी ते कालाकुंड एवढा सुमारे १० किलोमीटरांचा तुकडा उरलाय, त्यावर डिसेंबर २०१८ पासून हेरिटेज ट्रेन सुरू झाली.

पावसाळ्यातल्या शनिवारची तिकिटं पटकन भरतात, म्हणून मी रात्री जागून मोबाईलवर काढली. स्वतःवर खूश होतो.

सकाळी आत्यानं विचारलं, "तिकीट मिळून गेलं नं?" (आमच्या इंदुरी मराठीत सगळं मिळून जातं, होऊन जातं; पुण्याची माझी बायको अजून हसते.) मी ऐटीत मोबाईल पुढे केला. चष्मा वर-खाली करत तिनं पाहिलं. "हे जायचं झालं. यायचं?"

जाणाऱ्या गाडीचा नंबर वेगळा, येणाऱ्या गाडीचा वेगळा, आणि तिकिटंही वेगवेगळी काढायची असतात. मी एकच काढून मोकळा झालो होतो. परतीला वेटिंग. रेल्वेवाल्याची बायको काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. ते जास्त लागलं.

शेवटी आतेभावाला गळ घातली. तो चोरलमार्गे कार घेऊन कालाकुंडला येणार असं ठरलं. "शेवटचा रस्ता खराब आहे, चिखलात रुतलो तर तू ढकलायचं," ही त्याची अट.

पातालपानीच्या धबधब्यापाशी गाडी थांबते. खाली उतरून पाण्याजवळ जायची हौस कुणी करू नये. २०११ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात इथे माणसं वाहून गेली. कठड्यामागूनही तुषार अंगावर येतात, तेवढं पुरे. आत्यानं मात्र धबधब्याआधी टंट्या मामाच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले. टंट्या मामा म्हणजे इंग्रजांशी लढलेला टंट्या भिल्ल; त्याला त्यांनी १८८९ साली जबलपूरला फाशी दिलं. त्याला सलामी द्यायला इथे गाडी थांबायचीच, असं ती सांगते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी या लायनीसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, हेही तिनं समोरच्या सीटवरच्या अनोळखी मुलांना ऐकवलं.

मग बोगदे. पहिला बोगदा आला आणि डब्यातली सगळी पोरं ओरडली. आत्याही ओरडली. मी अंधारातच तिच्याकडे पाहिलं, पण दिसणार काय! बाहेर आलो तेव्हा ती पदर सावरून गंभीर बसली होती.

कालाकुंडला कलाकंद घ्यायचा, दुसरं काही नाही. पळसाच्या पानांचा द्रोण, आत रवाळ, किंचित तांबूस कलाकंद, पानाला चिकटलेला भाग बोटानं खरवडून खायचा. "पूर्वी खिडकीतून घ्यायचे," आत्या म्हणाली. "सुट्टे पैसे देईतो गाडी हलायची." या वेळी ती फलाटावर उतरली, दोन द्रोण संपवले, तिसरा बांधून घेतला. शुगरचा विषय मी काढला नाही. परतीच्या तिकिटानंतर मला तो अधिकार उरला नव्हता.

आतेभाऊ आला तो मांड्यांपर्यंत चिखलानं माखलेला. ढकलायचं काम त्यानं आधीच उरकलं होतं.

चोरल येईपर्यंत मोबाईलला रेंज नव्हती. रेंज आली तशी आत्यानं मागच्या सीटवरून माझ्या खांद्याला टोचलं आणि पुढच्या शनिवारचं बघायला लावलं, दोन्ही गाड्यांचं.