मिरजेच्या मुलीची फाइल

टोरोंटोत इमिग्रेशनची वकिली करताना अधिकाऱ्याच्या नोंदी हातात येतात तेव्हा मी आधी त्या किती ओळींच्या आहेत ते बघते. या फाइलमध्ये पाच होत्या. मिरजेची बावीस वर्षांची मुलगी, मास्टर्सला प्रवेश मिळालेला, पण स्टडी परमिट नाकारलेलं. कारण काय, तर अविवाहित आहे, मूलबाळ नाही, म्हणून शिक्षण संपल्यावर कॅनडा सोडेल याची खात्री वाटत नाही. बावीसाव्या वर्षी मूलबाळ असतं तर आईबापांनी तिला एकटीला पाठवलं असतं का हो?

नकार कॅनडाबाहेर मिळाला असेल तर ६० दिवसांत फेडरल कोर्टात जावं लागतं, तेही आधी कोर्टाची परवानगी मागून. ती मिळाली आणि क्वीन स्ट्रीटवरच्या कोर्टात सुनावणी लागली.

सरकारी वकील तयारीचे होते. वडिलांच्या दुकानाचं उत्पन्न फीच्या मानाने कमी आहे, असा मुद्दा त्यांनी झकास मांडला. मी मनात म्हटलं, मुद्दा बरा आहे, अधिकाऱ्याला का नाही सुचला? न्यायाधीशांनी नोंदींचा कागद वर धरला. "यात हे कुठे लिहिलंय?" वकिलांनी पान उलटलं, पुन्हा मागे आले. कुठेच नव्हतं. २०१९ च्या वाविलोव्ह निकालात कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की निर्णय त्यात दिलेल्या कारणांवरच तपासायचा. अधिकाऱ्याने न लिहिलेलं कारण कोर्टाने मागाहून पुरवायचं नाही.

तीन आठवड्यांनी निकाल आला, आमच्या बाजूने. मी लगेच फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते, तरी वडिलांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"ताई, जिंकलो ना? मग व्हिसा कधी?"

हा प्रश्न मला दर वेळी जड जातो. व्हिसा द्यायचा की नाही हा अधिकार खात्याचाच. कोर्ट फक्त म्हणालं, निर्णय नीट झालेला नाही, दुसऱ्या अधिकाऱ्याकडून पुन्हा करा. तो दुसरा अधिकारीही नाही म्हणू शकतो, फक्त धड कारणं देऊन. उत्पन्नाचा तो मुद्दा आता त्यालाही सुचेल. आणि सप्टेंबरचा प्रवेश तर केव्हाच हातचा गेला होता.

सगळं ऐकून ते जरा वेळ गप्प राहिले. मागे मुलगी काहीतरी विचारत होती.

"मग बँकेचं स्टेटमेंट जुनं चालेल का?"

"नाही काका, नवीन लागेल. दुकानाचे रिटर्न्सही, तिन्ही वर्षांचे."

"सोमवारी बँक उघडली की काढतो," म्हणाले.