सातबाऱ्यावरचं नाव

परवा कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटात मेथी घेत होते तर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, सिस्टर तुमी केरळच्या काय ओ? वीस वर्षं झाली मला सिस्टर, म्हणजे नन, होऊन आणि हा प्रश्न अजून येतोच. मी म्हटलं नाही ओ मावशी, आजऱ्याची. तर जुडी हातात धरून बघतच राहिल्या, "आपल्याच जिल्ह्यातल्या की मग!"

व्हय, ह्याच जिल्ह्यातली. गडहिंग्लजच्या पुढं, इथून ८०-८५ किलोमीटर. आमची माणसं गोव्यातून आंबोली घाट चढून वर आली असं आज्जी सांगायची. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं आणि त्याचा जाच बाटून ख्रिस्ती झालेल्यांनाच जास्त, का तर घरात जुन्या चालीरीती पाळतात म्हणून, आणि १६८४ ला तर कोकणी सोडून पोर्तुगीज बोला असा हुकूमच निघाला. मला ह्यात कायम एवढंच वाटतं की त्या लोकांनी गाव सोडलं पण देव टाकला नाही आणि भाषाही टाकली नाही. आमच्या घरी रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कोकणीतनं व्हायचा, पप्पा काजूच्या बागेतनं आले की हातपाय धुऊन तसेच गुडघ्यावर, आणि तेर्स संपला की आम्ही पोरं मराठीतनं पाढे म्हणत बसायचो.

पाचारण, म्हणजे नन व्हायला देवाचं बोलावणं, म्हटलं की काहीतरी स्वप्नात दिसलं असेल असं लोकांना वाटतं. माझं तसं नाही. दहावीच्या सुट्टीत आज्जीची एक बाजू गेली, ती अंथरुणाला खिळली, तेव्हा एक सिस्टर दिवसाआड चालत यायच्या, तिची पाठ पुसायच्या, जखमांना मलम लावायच्या आणि जाताना तिच्या कानाशी बसून तिच्याच कोकणीत प्रार्थना म्हणायच्या. आज्जीला धड बोलता यायचं नाही पण ओठ हलायचे. मला हेच करायचं होतं. पप्पांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, घरी यायला देतात काय?

मग पोस्च्युलंट म्हणून सुरुवातीची उमेदवारी, नोव्हिशिएट म्हणजे व्रतांआधीची तयारी (हे चर्चच्या कायद्यानं किमान १२ महिने असतं), तात्पुरती व्रतं, सगळं रीतसर झालं. खरं अवघड पुढं होतं. कायमची व्रतं घ्यायच्या आधी पप्पा गेले आणि वारसनोंद झाली. आम्हा ख्रिश्चनांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, त्यात एक तृतीयांश आईचं आणि बाकीचं मुलगा मुलगी सारखं, म्हणजे सातबाऱ्यावर दादाच्या जोडीला माझंही नाव लागलं. चर्चचा कायदा लगेच मालकी सोडायला लावत नाही, कारभार दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि कायमच्या व्रतांआधी मृत्युपत्र करायचं एवढंच. पण मी दारिद्र्याचं व्रत घेणार आणि माझ्या नावावर भाताचं शेत, हे मला पटेना. मी हक्कसोडपत्र करायचं ठरवलं. दादा नको म्हणत होता, तो मनानं मोठा आहे. आई म्हणाली, "नाव कशाला काढतीस, असू दे की एका ओळीत."

त्या वाक्यानं मी हलले. निबंधकाच्या ऑफिसात सही केली, अंगठा लावला, फोटो काढला आणि बाहेर येऊन एसटीची वाट बघत बसले तर रडूच आवरेना. व्रताचं दुःख नव्हतं ते. माणसं जिथनं पळून आली आणि जिथं परत रुजली त्या मातीत आपली एक ओळ होती आणि ती मी आपल्या हातानं पुसली. सही केली ते बरोबरच केलं, आजही परत तेच करीन. पण रडले तेही खरंच होतं.

फेरफार मंजूर झाल्यावर दादानं नवा उतारा आणला. जुना, माझ्या नावाचा, आईनं घडी घालून तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलाय. दरवर्षी नाताळाच्या आधी दादा नव्या घनसाळचं पोतं घेऊन कॉन्व्हेंटला येतो. ह्या आजरा घनसाळला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण आमच्या घरात वासाचा तांदूळ म्हटलं की आधीपासून हाच. तो शिजला की आमच्या झारखंडच्या सिस्टरसुद्धा किचनमध्ये येऊन उभ्या राहतात आणि मला पप्पांच्या भिजलेल्या पायांचा आवाज ऐकू येतो.

मावशींनी मेथी पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, आजऱ्याच्या हाय तर घनसाळ आणा की ओ आमाला. दादाला फोन केलाय, ह्या खेपेला पाच किलो जास्त आण म्हणून.