तुम्ही विचारलंत म्हणून: धरणातला मासा आणि पारा

"काकू, भिगवणहून चिलापी आणलीय. पण उजनीच्या माशात पारा असतो म्हणे. खाऊ का नको?"

माहेर इंदापूर तालुक्यातलं आणि सगळी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात गेलेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणारच. सोसायटीच्या लिफ्टमध्ये येतो, लग्नाच्या पंगतीत येतो. थंडीत रोहित पक्षी बघायला कुंभारगावला गेलेल्या मंडळींकडून तर परतीच्या वाटेवरून फोन येतो, मासे डिकीत असतानाच. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं. मी उलट विचारते: कोणता मासा, केवढा, आणि खाणार कोण? धरण कोणतं हे मी शेवटी विचारते, यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही.

आधी पाऱ्याचं सांगते. लहानपणी थर्मामीटर फुटल्यावर फरशीवर पळणारे चकचकीत मणी तुम्ही पाहिले असतील. तो धातुरूप पारा. गिळला तरी पोटातून फारसा शोषला जात नाही. त्याची वाफ मात्र वाईट. माशातला पारा वेगळ्या रूपात असतो. कोळसा जाळल्यावर धुरातून, फुटलेल्या ट्यूब आणि बल्बांमधून, कारखान्यांच्या सांडपाण्यातून पारा पाण्यात उतरतो आणि तळाच्या गाळात बसतो. तिथे प्राणवायू नसतो. त्या गाळात राहणारे काही जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. हे आपल्या आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषलं जातं, रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं आणि गर्भवतीच्या वारेतून बाळापर्यंतही. जपानमधल्या मिनामाता गावात १९५६ साली जो आजार अधिकृतपणे नोंदला गेला, तो यानेच झाला होता. कारखान्याने खाडीत सोडलेला पारा माशांत गेला आणि माशांतून माणसांत. पुढे पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला त्याच गावाचं नाव दिलं. भारतानेही तो २०१८ मध्ये मान्य केला.

आता माशांकडे. शेवाळात अगदी थोडा पारा असतो. शेवाळ खाणाऱ्या किड्यात त्याहून जास्त, किडे खाणाऱ्या छोट्या माशात आणखी जास्त, आणि छोटे मासे गिळून वर्षानुवर्षं जगणाऱ्या मोठ्या शिकारी माशात सगळ्यात जास्त. प्रत्येक पायरीला पारा साठत जातो, कारण आत येतो त्या वेगाने तो बाहेर पडत नाही. म्हणून पाण्याच्या रंगावरून किंवा वासावरून माशातला पारा सांगता येत नाही. उलट हिरव्या, खतावलेल्या पाण्यात खाणं मुबलक असतं, मासे भराभर वाढतात आणि आहे तो पारा जास्त शेवाळात आणि जास्त मांसात विभागला जातो. नितळ, थंड पाण्यात सावकाश मोठा झालेला म्हातारा शिकारी मासा त्यापेक्षा जास्त पारा बाळगून असू शकतो. हे ऐकून मुळशीकडच्या बंगल्यात शनिवार-रविवार घालवणारे माझे काही स्नेही रागावतात, पण रसायनाला त्याची पर्वा नाही.

आपल्या बाजारातले गोड्या पाण्यातले मासे या हिशोबाने लावून बघा. चिलापी शेवाळ आणि तळाचा गाळसाळ खाते. कटला पृष्ठभागावरचे सूक्ष्म जीव खातो, रोहू वनस्पती, मृगळ तळाचं कुजकं. हे चारही मासे खालच्या पायरीवरचे. गणेश पेठेच्या बाजारात बर्फातून येणारा रोहू-कटला तर बहुतेक वेळा आंध्रातल्या तळ्यांतला, खाद्य घालून थोड्या काळात वाढवलेला असतो. त्याला पारा साठवायला सवडच मिळत नाही. वरच्या पायरीवर मरळ, शिंगटा आणि ज्याला आमच्याकडचे भोई पाण्यातला वाघ म्हणतील असा मोठ्या तोंडाचा बिनखवल्याचा पडीन. यांतला हातभर लांबीचा मासा धरणात मिळाला की लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. फोटो काढा, पण घरातल्या गर्भवतीला आणि लहान मुलाला त्याची तुकडी वाढू नका.

मरळीचं थोडं जास्त सांगावं लागेल, कारण तिच्याबद्दल श्रद्धा आहे. ऑपरेशन झालं, जखम भरायची आहे, की कुणीतरी टबातली जिवंत मरळ आणून रस्सा करतंच. काटे कमी, मांस घट्ट, प्रथिनं भरपूर. मी त्याला नावं ठेवणार नाही. पाव-अर्धा किलोची मरळ आजाऱ्याला चार वेळा दिली म्हणून काही बिघडत नाही. पण ‘जेवढी मोठी तेवढी ताकदीची’ हा हिशोब इथे उलटा आहे. लहान घ्या.

आता ज्या गोष्टीवरून माझे सर्वांत जास्त वाद झालेत ती. जो माणूस उजनीची चिलापी बघून नाक मुरडतो, तोच रविवारी सुरमई थाळीसाठी तासभर रांगेत उभा असतो. समुद्राचा मासा म्हणजे स्वच्छ, ही पुणेकरांची पक्की समजूत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातल्या माशांची मोजमापं जाहीर केलेली आहेत. तिथल्या चिलापीत सरासरी किलोमागे ०.०१३ मिलिग्रॅम पारा निघाला. आपल्या सुरमईची जवळची नातेवाईक, तिकडची मोठी किंग मॅकरेल, तिच्यात ०.७३. आणि शार्कमध्ये, म्हणजे आपल्या मोरीच्या जातीत, जवळजवळ १ मिलिग्रॅम. आपली चिलापी म्हणजे तिकडची चिलापी नव्हे, आणि इथे ताटात येणारी सुरमई बरेचदा लहान असते, हे मान्य. पण कोण कोणाला खातो ही रचना दोन्हीकडे तीच आहे, आणि इतका मोठा फरक त्यातूनच येतो.

आकडे काढलेच आहेत तर पुरता हिशोब करू. अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ साली मिथाइल मर्क्युरीची मर्यादा घालून दिली: शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम (हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम). ही मर्यादा पोटातलं बाळ डोळ्यांसमोर ठेवून काढलेली आहे, म्हणून कडक आहे. ६० किलो वजनाच्या बाईला ती आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम पडते. वरच्या आकड्यांप्रमाणे शंभर ग्रॅम शार्कमध्ये आठवड्याचा कोटा संपला. किंग मॅकरेलच्या शंभर ग्रॅममध्ये पाऊण संपला. चिलापी मात्र सात किलो खाल्ली तरी कोटा उरतो. सात किलो चिलापी आठवड्यात कोण खातं? १५ किलोच्या मुलाची मर्यादा २४ मायक्रोग्रॅम. म्हणजे त्या मोठ्या किंग मॅकरेलच्या पन्नास ग्रॅमच्या एका तुकडीतच ती ओलांडली जाते. कोकणातून पुण्यात आलेल्या घरांमध्ये बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात. दुधातून बाळाला जाणारा पारा वारेतून जाणाऱ्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण दिवस गेलेले असताना मोरी नकोच, आणि बाळंतपणातही बांगड्यावर काम भागतं. बांगडा लहान, थोडं जगणारा, वर त्यात ओमेगा-३ भरपूर. ते गोड्या पाण्यातल्या माशात त्या मानाने कमी.

मग उजनीचं काय? इथे मी पारा बाजूला ठेवते, कारण उजनीचा खरा प्रश्न दुसरा आहे. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा-मुठा संगमावर एक होतात, इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ. दोन महापालिकांचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, शेतातली खतं आणि कीटकनाशकं सगळं त्याच वाटेने १९८० साली पूर्ण झालेल्या त्या धरणात जातं. जंतू आहेत, शिसं आणि कॅडमियमसारखे धातू आहेत, उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं तेव्हा त्या शेवाळातली विषं आहेत. मात्र या गोष्टी पाऱ्यासारख्या मांसात भिनत नाहीत. त्या मुख्यतः काळीज, मूत्रपिंड, आतडी, कल्ले यांत साठतात, शिसं काट्यांतही. कीटकनाशकं चरबीत बसतात, पोटाखालच्या मऊ पट्टीत आणि कातडीलगत. म्हणून धरणाचा मासा घेताना पोट पूर्ण साफ करून घ्या, कल्ले काढायला सांगा, पोटाची चरबी काढा, डोक्याचा रस्सा रोज करू नका. आतला माल मांजरालाही नको.

शहरातून वाहणाऱ्या नदीचा मासा मात्र मी खात नाही आणि कुणाला खा म्हणत नाही. बंडगार्डनला, मुंढव्याच्या पुलावर गळ टाकून बसलेले लोक दिसतात. तिथे पारा किती आणि शिसं किती याची चर्चा करण्यात अर्थ नाही, ते सरळ गटाराचं पाणी आहे. इंद्रायणीत, पवनेत मेलेल्या माशांचा खच किती वेळा पडला ते तुम्हीही वर्तमानपत्रात वाचलंय. तरंगणारा मासा फुकट मिळाला तरी घेऊ नये. थाई मांगूरही नको. त्याच्या पैदाशीवर केंद्राने २००० सालीच बंदी घातलेली आहे. ‘गावरान मांगूर आहे’ असं सांगून तो खपवतात, आणि ओळख नसेल तर फरक कळत नाही.

स्वयंपाकघरातले उपाय विचारू नका, असं मी म्हणत नाही. विचारा, पण उत्तर ऐकून निराश होऊ नका. मीठ-हळद लावून ठेवणं, चिंचेच्या कोळात मुरवणं, लिंबू पिळणं, दोनदा उकळून पाणी टाकणं, यांतल्या कशानेही पारा जात नाही. तो माशाच्या प्रथिनांना घट्ट बांधलेला असतो. तळल्यावर तर माशातलं पाणी उडतं आणि ग्रॅममागे पारा थोडा वाढतो. आंबट घातल्याने एक गोष्ट खरंच होते: चिखलाचा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते आम्लाने मोडतं. आमच्या आजीला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण चिलापीला चिंच लावल्याशिवाय ती तव्याला हात लावू देत नसे. नीट शिजवल्याने जंतू मरतात, ते करायलाच हवं. पाऱ्याचा निर्णय मात्र मासा पिशवीत पडतो तेव्हाच झालेला असतो.

तर आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. अमेरिकेत पुष्कळ तळ्यांच्या माशांविषयी सरकारी सूचना निघतात, आणि जिथे सूचना नाही तिथला पकडलेला मासा आठवड्यातून एकदाच, शिजवण्याआधी मोजून साधारण ११० ग्रॅम, आणि त्या आठवड्यात दुसरा कुठलाच मासा नाही, असा त्यांचा सल्ला आहे. मुलांना त्याहून लहान तुकडी. आपल्या धरणावर ‘पोहण्यास मनाई’ची पाटी असते, माशांची नसते, म्हणून मी हाच नियम धरते. पानशेतच्या, पवनेच्या, उजनीच्या, सगळ्याच माशांना. गर्भवती असाल, किंवा वर्षभरात बाळाचा विचार असेल, तर धरणातला शिकारी मासा आणि समुद्रातली मोठी सुरमई, मोरी आत्ताच बंद करा. शरीरातला पारा निम्मा व्हायला सुमारे दीड-दोन महिने लागतात, तेव्हा दिवस गेल्यावर पथ्य धरण्यात पहिले, महत्त्वाचे आठवडे निघून जातात. मासा मात्र सोडू नका. बांगडा, लहान चिलापी, तळ्यातला रोहू खात राहा. बाळाच्या मेंदूला मासा लागतो. माझ्यासारखी साठी उलटलेली असाल तर इतकं मोजत बसायची गरज नाही, पोट साफ केलेला मासा घ्या आणि जेवा.

सुनेला विचारून पुन्हा फोन करतात आणि मग हमखास पुढचा प्रश्न येतो, "आणि गाबोळी?" गाबोळीत पारा मांसापेक्षा कमीच असतो. खुशाल खा. पावसाळ्याच्या तोंडावर गाबोळीने भरलेला रोहू किंवा शिंगटा धरणातून काढू नये असं मला वाटतं, देशी मासा आधीच कमी राहिलाय. चिलापी बाहेरून आलेली, वर्षातून अनेकदा विणारी. तिची गाबोळी जेवढी खाल तेवढी थोडीच.