फ्रेयाचं सॅडल जागेवर राहिलं! (तंग, दुमची आणि पुढचा बदललेला प्लॅन)

मंडळी, माझ्या फ्योर्ड जातीच्या घोडीचं, फ्रेयाचं सॅडल जागेवर राहिलं. वरच्या कुरणापासून खाली नदीच्या रस्त्यापर्यंतचा अख्खा उतार, तो शेवटचा खडीचा तीव्र तुकडा धरून, आणि खाली आल्यावर उतरून बघितलं तर खांद्यावरची निळ्या खडूची खूण सॅडलच्या कडेला होती तिथेच. मी फ्रेयाच्या गळ्यातच पडले, तिने तेवढ्यात रस्त्याकडेचं गवत साफ केलं. आज तिला सगळं माफ.

ज्यांनी मागचे अपडेट वाचलेत त्यांना माहितीये की हा उन्हाळा एकाच गोष्टीत गेलाय. चढावर सॅडल ठीक, सपाटीवर ठीक, दुडकीत पण ठीक, आणि उतार लागला की ते हळूहळू पुढे सरकून खांद्यांवर चढायचं. मग फ्रेयाची पावलं आखूड व्हायची, मान वर, कान मागे, आणि आपण पुढे झुकलेलो. इथे नॉर्वेत व्हॉसला सपाट रस्ता शोधायला जावं लागतं, त्यामुळे "उतार टाळा" हा सल्ला देणाऱ्यांना माझा नमस्कार.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. फ्योर्ड घोड्याची पाठ रुंद, गोल आणि वीदर (मानेच्या मुळाशी खांद्यांवरचा उंचवटा) जवळपास नाहीच. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात जो मारवाडी घोडा बघतो त्याचा वीदर कसा उंच उठून दिसतो, खोगीर त्याच्या मागे अडकून बसतं. इथे अडकायला काहीच नाही, आडव्या पिंपावर घोंगडी टाकून वर बसावं तसं. त्यात भर म्हणजे बरगड्या मागे जाताना फुगत जातात आणि तंगाची (पोटाखालून सॅडल आवळणाऱ्या पट्ट्याची) नैसर्गिक जागा अगदी पुढे, कोपराच्या लगेच मागे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, सगळी भानगड तिथेच निघाली.

आधी सगळ्यांनी सांगितलं की ट्री, म्हणजे सॅडलचा आतला सांगाडा, अरुंद आहे. म्हणून फ्लेक्सिबल पट्टीने तिन्ही जागची मापं घेतली, खांद्याच्या हाडामागे दोन बोटं सोडून एक, पाठीच्या सगळ्यात खोल भागावर एक, शेवटच्या बरगडीपाशी एक, कागदावर उतरवून कापली आणि सॅडलखाली धरून बघितली. पुढचं माप मस्त बसत होतं. ट्री उलट्या यू सारखा गोल आहे, व्ही सारखा निमुळता नाही, पॅनल (खालच्या गाद्या) सरळ आहेत, मागे शेवटच्या बरगडीच्या पुढे जात नाही. म्हणजे कागदावर सगळं बरोबर आणि उतारावर सगळं चूक. एका नामांकित ऑनलाइन दुकानाने "एक्स्ट्रा वाइड" म्हणून ट्रायलला पाठवलेलं दुसरं सॅडल तर फक्त पुढच्या लोखंडी प्लेटने रुंद केलेलं होतं, बाकी आकार तोच निमुळता, ते फ्रेयावर ठेवल्या ठेवल्या मागे-पुढे डुलायला लागलं. त्याच दिवशी परत पाठवलं, परतीचं पोस्टेज माझ्या माथी. माझं स्पष्ट मत झालंय की फ्योर्डसाठी नुसता रुंदीचा आकडा बघून सॅडल घेऊ नये, वरचा आकार गोल आहे का ते आधी विचारायचं, आणि दुकानदाराला या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल तर तिथून घ्यायचंच नाही.

मग रबरी ग्रिप पॅड झालं. ते सॅडलला धरतं खरं, पण घोड्याच्या केसांनापण धरतं, आणि सरकायचा जोर कुठे जात नाही, तो कातडीवर येतो. तासाभराच्या राइडनंतर वीदरच्या दोन्ही बाजूंना केस उलटे फिरलेले आणि हात लावला की फ्रेया कातडी थरथरवायची. ते पॅड आता गाडीच्या डिकीत तळाशी पडलंय. कोणाला हवं असेल तरी देणार नाही, इतकं ते मला आवडत नाही.

तर आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात पावसाने राइड रद्द झाली (वेस्टलांडचा पाऊस, जास्त काय सांगू) आणि फ्रेयाला तबेल्याच्या छपराखाली लॉंजिंगसाठी (लांब दोरीवर गोल फिरवायला) घेतलं. पाठीवर फक्त रोलर (पाठ-पोटाभोवती बांधायचा रुंद पट्टा), सॅडल नाही. रोलर मी नेहमीच्या सॅडलच्या तंगाच्या रेषेत बांधला होता, आणि थोडं चालून झाल्यावर बघते तर तो आपोआप पुढे जाऊन कोपरामागच्या खाचेत बसलेला. काढला, परत मागे बांधला, परत चालवलं. परत तिथेच. वजन नाही, उतार नाही, स्वार नाही, तरी तंग स्वतःच्या जागी जातोय! मग सॅडल आणून शेजारी ठेवलं तर सॅडलचे बिलेट पट्टे (ज्यांना तंग अडकवतात ते) त्या खाचेच्या चांगले चार बोटं मागे लोंबत होते.

म्हणजे सॅडल सरकत नव्हतं, ओढलं जात होतं. तंग नेहमी छातीच्या सगळ्यात अरुंद जागी जाणार, फ्योर्डमध्ये ती जागा पुढे आहे, आणि पट्टे सरळ खाली लोंबणारे असतील तर तंग पुढे जाताना सॅडललाही बरोबर घेऊन जाणार. उतारावर स्वाराचं वजन पुढे येतं म्हणून तिथे जास्त दिसतं एवढंच. रुंदी, पॅड, स्पंज, सगळं करून हे सुटणार नव्हतं कारण जोर खालून येत होता. आणि तंग आणखी घट्ट केला तर ओढ आणखी वाढते! उताराआधी थांबून तंग एक भोक वर घ्यायचा हा इथला सगळ्यात कॉमन सल्ला आहे, फ्योर्डच्या बाबतीत तो उलटा पडतो असं मी आता ठामपणे म्हणेन.

यावर दोन गोष्टी केल्या. पहिली, बर्गनमधल्या एका कारागिराकडून सॅडलला पॉइंट स्ट्रॅप शिवून घेतले, म्हणजे ट्रीच्या अगदी पुढच्या टोकापासून निघणारा पट्टा. आता पुढचा पट्टा तो आणि मागचा पट्टा सगळ्यात मागचा, दोन्ही मिळून व्ही होतो, तंग पुढे खाचेत बसतो आणि सॅडल त्याच्या मागे आपल्या जागी. कारागीर भला माणूस, त्याने आधी सॅडल घोड्यावर ठेवलेले फोटो बाजूने मागितले आणि ट्रीची टोकं खांद्याच्या हाडामागेच येतायत याची खात्री झाल्यावरच सुई हातात घेतली. हे महत्त्वाचं आहे बरं का, टोकं खांद्यावर येत असतील तर पॉइंट स्ट्रॅप ती आणखी आत दाबतो आणि घोड्याला दुखतं, म्हणून माझं बघून लगेच शिवायला टाकू नका.

दुसरी, अॅनाटॉमिकल तंग. मधला भाग पुढे वाकलेला, दोन्ही टोकं मागे. कोपरापाशी कापलेला असल्यामुळे घासत पण नाही. मेंढीच्या लोकरीचं कव्हर घातलेला आधीचा तंग मऊ होता पण गोल पोटावर फिरायचा, हा चामड्याचा गुळगुळीत रुंद तंग स्थिर राहतो. चामडं रोज पुसावं लागतं, इथल्या दमट हवेत दोन दिवस विसरलं की बुरशी.

खडूची आयडिया ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सॅडल चढवल्यावर त्याच्या पुढच्या कडेला लागून खांद्याच्या केसांवर शिवणकामाच्या खडूने रेघ मारायची, राइड झाली की कड आणि रेघ यात किती अंतर पडलं ते बोटांनी मोजायचं. फ्रेया रोब्लाक आहे, अंगाचा रंग फिकट लालसर, त्यावर पांढरा खडू दिसतच नाही, निळा घ्या. पूर्वी उताराच्या शेवटी सॅडल रेघेच्या पुढे हाताच्या रुंदीएवढं गेलेलं असायचं. आज बोट घालायला पण फट नव्हती. आणि सॅडल काढल्यावर घामाचे डाग! दोन्ही बाजूंना सारखे, लांब, मागेपर्यंत, मधे कण्यावर लालसर तपकिरी पट्ट्याच्या दोन्ही अंगाला कोरडी वाट. कुठे कोरडा ठिपका नाही, कुठे केस विस्कटलेले नाहीत. मी मोबाइलवर फोटो काढून ट्रेनमध्ये बर्गनपर्यंत तोच बघत आले.

आता दुमची, म्हणजे सॅडल पुढे जाऊ नये म्हणून शेपटीखालून घ्यायचा पट्टा. ती ऑर्डर केली होती तेव्हा वाटलं होतं तोच उपाय. आता दुमची फक्त विम्यासारखी ठेवणार, खूप तीव्र उतारासाठी. पण शिकवणं चालू ठेवलंय कारण शेपटीखाली काहीही आलं की फ्रेया शेपूट घट्ट दाबते आणि मागचा भाग ताठ करते. आधी नुसता मऊ टॉवेल शेपटीखालून फिरवायचा, शेपूट सैल सोडली की लगेच टॉवेल बाजूला आणि गाजराचा तुकडा. फ्योर्डला खाण्यासाठी काहीही करायला आवडतं, त्यामुळे हे शिक्षण भराभर होतं, फक्त तुकडे लहान करा नाहीतर पोट वाढतं आणि मग तंगाचा प्रश्न परत पहिल्यापासून. आता ती दुमची लावून हातात धरून उतार चालते, शेपूट सैल. पट्टा ताणलेला नको, कंबरेवर चार बोटं सहज आत गेली पाहिजेत, तो उतारावरच कामाला आला पाहिजे, एरवी नाही.

पोटावरून आठवलं. इथे उन्हाळ्यात रात्र जवळजवळ होतच नाही आणि गवत थांबत नाही. फ्योर्ड थोडक्या चाऱ्यावर जगायला घडलेला घोडा, त्याला हे कुरण म्हणजे रोजचं लग्नाचं जेवण. जून महिन्यात वजन मोजायच्या टेपवर वजन चढलं तेव्हाच सरकणंही वाढलं होतं हे वहीत मागे जाऊन बघितल्यावर दिसलं. आता चरताना जाळीचं मुसकं, आणि शरदात जास्तच काळजी, कारण दिवसा ऊन आणि रात्री थंडी पडली की गवतात साखर साठते आणि खुरांना सूज येण्याचा धोका वाढतो. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत पण हात फिरवला की लगेच लागाव्यात, मी इतकंच धरून चालते. मानेवरून मात्र अंदाज काढू नका, फ्योर्डची मान मुळातच जाड असते.

प्रदर्शनाची तयारीही चालू आहे, आमच्या भागातलं छोटंच प्रदर्शन, नॉर्डफ्योर्डएइडच्या नर घोड्यांच्या प्रदर्शनाइतकं मोठं काही नाही, पण फ्रेयाचं पहिलंच. हातात धरून उभं राहणं, कदम आणि दुडकी. दुडकीत मीच मागे पडते म्हणून ती पण मंदावते, तर आता फार्मवरच्या मालकीणबाईंची मुलगी पळवणार, तिचे पाय लांब आहेत आणि फ्रेया तिच्याबरोबर मोकळी उचलून चालते. जज जवळून बघतील तेव्हा गालावरचे ते दोन तपकिरी ठिपके दिसायला हवेत म्हणून मोहरकीऐवजी बारीक पट्ट्यांचा लगाम घेतलाय. न्योलचे ठिपके, म्हणजे १८९१ साली जन्मलेल्या न्योल १६६ या घोड्याच्या नावाने ओळखले जाणारे. आजच्या फ्योर्ड घोड्यांची वंशावळ मागे नेली की तो भेटतोच, आणि त्याची खूण माझ्या घोडीच्या गालावर आहे याचं मला दर वेळी खरारा करताना कौतुक वाटतं.

आयाळ. रोब्लाकमध्ये मधली पट्टी काळी नसते, लालसर तपकिरी असते, त्यामुळे बाहेरच्या पांढुरक्या केसांशी फरक कमी दिसतो आणि कापणं जरा जरी वाकडं झालं तरी सगळं एकसारखं धूसर दिसतं. मी आधी मधली पट्टी मानेच्या कमानीप्रमाणे कापते, मग दोन्ही बाजूंचे केस बोटभर खाली, लांब सरळ कात्रीने, क्लिपर नाही. क्लिपरने पायऱ्या पडतात. कापताना मान नैसर्गिक उंचीवर हवी, घोडा खाली गवताकडे बघत असताना कापलं तर मान वर केल्यावर मधेच खड्डा दिसतो, म्हणून कोणीतरी समोर बादली धरून उभं राहायचं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कापणार होते, आता दहा-बारा दिवस आधीच मुख्य आकार देणार आणि आदल्या दिवशी फक्त टोकं, ताजे कापलेले केस फार ताठ आणि कोरे दिसतात.

आणि हे लिहिता लिहिता एक सुचलं. मी हिवाळ्यासाठी नवीन सॅडलचे पैसे बाजूला ठेवले होते. आता ते लागणार नाहीत. दुमचीची सवय झालीच आहे, शेपटीखालच्या पट्ट्याला ती घाबरत नाही, मग याच हिवाळ्यात तिला हार्नेस (गाडी ओढायचा साज) का नाही? फ्योर्ड मुळात शेतात आणि गाडीला काम करणारा घोडा. उतारावर मागच्या पायांवर बसून वजन थोपवायला तिला शिकायचंच आहे, आणि हार्नेसमध्ये मागच्या पट्ट्यावर गाडीचं वजन घेताना घोडा नेमकं तेच शिकतो. आधी लाँग लाइन्सवर (मागे चालत हातात धरायच्या दोन लांब दोऱ्यांवर) उतारात चालणं, थांबणं, दोन पावलं मागे, परत चालणं. मग टायर ओढणं. मग बर्फ पडला की हलकी स्लेज. मालकीणबाईंकडे माळ्यावर जुना हार्नेस आहे, तो बघून घेते, चामडं वाकवल्यावर तडे जातायत का आणि शिवण धरलीय का. गळ्यातल्या कॉलरचं मात्र टेन्शन आहे. मान जाड, डोकं रुंद, डोक्यावरून जाईल असा कॉलर घेतला तर गळ्याला ढिला आणि गळ्याला बसणारा घेतला तर डोक्यावरून जात नाही. वरून उघडणारा कॉलर कोणी वापरलाय का? की छातीवरचा पट्टा बरा, निदान हलक्या स्लेजला? डेन्मार्क आणि हॉलंडमधले आपले लोक गाडी चालवतात हे माहितीये, तुमच्या घोड्यांच्या गळ्याची मापं आणि कॉलरची मापं दोन्ही टाका प्लीज, फोटो बाजूने आणि समोरून, आणि गळ्याच्या खालच्या टोकाला हात किती जातो तेही लिहा.