हुरडीचं तिसरं घरटं : ९ जानेवारी ते १६ फेब्रुवारी

हुरडी या माझ्या सशाच्या मादीने तिसऱ्यांदा घरटं केलं, पोटात पिल्लं नसताना. पहिल्या दोन वेळी मी नुसती घाबरले, धावपळ केली आणि लिहून मात्र काहीच ठेवलं नाही. या वेळी पहिल्या दिवसापासून वहीत तारीखवार नोंद ठेवली. ज्यांच्या घरी नसबंदीचं ऑपरेशन न झालेली मादी आहे त्यांच्या कामाला येईल म्हणून सगळं उतरवून काढतेय.

नव्या मंडळींसाठी आधी ओळख. हुरडी सव्वा वर्षाची, करड्या रंगाची, मिश्र जातीची. गेल्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत घरी आली म्हणून हुरडी. तिच्या जोडीला मंजी, पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची, तीन वर्षांची. दोघीही माद्या. घरात नर नाही, कधी नव्हता, आणि दोघींचं लिंग मी डॉक्टरांकडून तपासून घेतलंय. हे मुद्दाम सांगते, कारण 'दोन्ही माद्याच आहेत हो' या विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून महिन्याभराने पिल्लं मोजत बसलेली घरं मी पाहिली आहेत.

९ जानेवारी

संध्याकाळी पडवीत गवत टाकत होते तेव्हा मंजी हुरडीच्या पाठीवर चढली. दोन-तीनदा. हुरडी पळाली नाही, उलट मागचा भाग उचलून शांत बसली. आधी मी याला मंजीची दादागिरी समजायचे आणि सोडून द्यायचे. या वेळी तारीख लिहिली.

सगळं इथूनच सुरू होतं. कुत्री-मांजरं पाळलेल्यांना सवय असते की मादी ठराविक काळाने माजावर येते. सशाच्या मादीचं तसं नाही, तिचं ठरावीक चक्र नसतं. समागम झाला की साधारण १० ते १२ तासांनी बीज सुटतं. गोम अशी की त्यासाठी नरच लागतो असं नाही. दुसरी मादी अंगावर चढली तरी शरीराला तोच निरोप पोचतो. बीज सुटतं, त्या जागी अंडाशयात पीतपिंड नावाची छोटी गाठ तयार होते, गर्भ टिकवणारं संप्रेरक प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि अंग गाभण असल्यासारखं वागायला लागतं. गर्भ नसतो, त्यामुळे पीतपिंड लवकर विरतो आणि १६ ते १८ दिवसांत हा खेळ संपतो. खऱ्या गाभणपणाला ३० ते ३२ दिवस लागतात. म्हणून पहिली तारीख हातात असली की पुढचं अर्धं कोडं सुटतं.

१४ ते २३ जानेवारी

गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. रात्री दारूकामाचा आवाज घरापर्यंत येतो, म्हणून दोघींना आतल्या खोलीत घेतलं होतं. पहिले काही दिवस हुरडीत फरक दिसला नाही, खाणं नेहमीसारखं.

२० तारखेला, म्हणजे ११ व्या दिवशी, तिने पडवीच्या कोपऱ्यात फरशी उकरायला सुरुवात केली. दोन्ही पुढचे पाय एकाआड एक, न थांबता, रात्री दहाच्या पुढे. फरशीवर नखं झिजतात, म्हणून एका पसरट घमेल्यात चाळलेली माती भरून दिली. पाच मिनिटांत ती त्यात बसली होती. २३ ला तिच्या खाण्याच्या वाटीत हात घातला तर गुरगुरली आणि पुढच्या पायांनी हातावर फटका मारला. एरवी हीच मुलगी कपाळ खाजवून घ्यायला पायात येते. राग धरू नका, हात मागे घ्या. त्या वेळी तिला तिची जागा राखायची असते.

याच दिवशी मंजीला वेगळं केलं. मधे जाळी, पण एकमेकींचा वास आणि नाक लागेल इतकं जवळ. पूर्ण तोडलं तर जोडी मोडते आणि पुन्हा जमवायला आठवडे जातात.

२५ आणि २६ जानेवारी

सोळाव्या दिवशी संध्याकाळी गवत वाहायला सुरुवात झाली. हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याने एकदा शांत बसून पाहावं. आधी ती ढिगातून एकेक काडी निवडत होती. काड्या तोंडात आडव्या धरायची, दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर आलेल्या, मोठ्या मिशा लावल्यासारख्या. तोंड भरलं तरी अजून एक काडी उचलायचा प्रयत्न, त्यात आधीच्या दोन गळायच्या, मग त्या परत वेचायच्या. घरट्यासाठी ठेवलेल्या खोक्यापाशी गेल्यावर आडव्या काड्या दारात अडकल्या. तिने मान तिरकी केली आणि आत शिरली. आत गेल्यावर हनुवटीने आणि पुढच्या पायांनी ढकलून मधे खोलगट वाटी केली. तासाभरात मी बावीस खेपा मोजल्या, मग मोजणं सोडलं.

शेजारच्या अव्वा जाळीपाशी येऊन बघत उभ्या राहिल्या. "बाळंतीण हाय की गं ही. कडब्याची पानं दे तिला, मऊ असत्यात." पानं खरंच चांगली निघाली. ताठं नाहीत, फक्त वरची सुकी पानं, झटकून, बुरशी नाही ना बघून. हुरडीने मारवेलचं सुकं गवत खाली घातलं आणि कडब्याची पानं वर. निवड तिची, माझी नाही.

अव्वांच्या घरी यंत्रमाग आहे. त्यांनी प्रेमाने मूठभर सुताचा गुंताही आणला, "कापूसच हाय, मऊ लागंल." तो मी घेतला नाही आणि का ते त्यांना नीट सांगितलं. सूत पायाला किंवा मानेला गुंडाळलं की आवळत जातं, रक्त थांबतं. खरी पिल्लं असतील तर जिवावर बेतू शकतं. टर्किश टॉवेलचंही तेच. आपल्या सोलापुरात घरोघरी टॉवेल पडलेले असतात. पहिल्या घरट्याच्या वेळी मीच तिला एक जुना टॉवेल अंथरून दिला होता. त्याच्या फासांत तिचं नख अडकलं, तिने झटका दिला आणि नख मुळातून निघालं. टॉवेलवरचं रक्त बघून माझे हातपाय गळाले होते. तेव्हापासून घरट्यात गवत, पानं आणि तिचे स्वतःचे केस, बास.

२६ ला सकाळी सहाला उठले तर केस उपटणं चालू होतं. सतरावा दिवस. आधी गळ्याखालच्या लोंबत्या पोळीचे, मग मान वाकवून पोटाचे, कुशीचे. तोंडात गोळा धरून आत नेते, पसरते, परत येते. पाहताना अंगावर काटा येतो, पण त्या वेळी हे केस संप्रेरकांच्या बदलाने सैल झालेले असतात आणि सहज सुटतात. प्रोजेस्टेरॉन उतरतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन चढतं, त्यातून हे सगळं घडतं. केस निघाल्याने सडं उघडी पडतात, म्हणजे पिल्लांना लगेच सापडावीत. घरट्यालाही अस्तर होतं, कारण सशाची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात आणि डोळे उघडायला दहा दिवस लागतात.

आपल्या माळावरचा ससा वेगळा, हे इथे सांगावंसं वाटतं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर जो पळताना दिसतो तो रानससा बीळ करत नाही आणि असं घरटंही बांधत नाही. त्याची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. त्याला कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे तो पाळायचा नाही. आपण पाळतो तो मुळात स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. हुरडी फरशी उकरत होती ती त्या बिळासाठी.

२७ ते ३० जानेवारी

ती घरट्यात बसून राहिली नाही. दिवसभर समोरच्या कोपऱ्यात पसरलेली. पहाटे एकदा आत डोकावायची, दोन-चार काड्या दारावर ओढायची, परत बाहेर. कोंबडीसारखी मांडी घालून बसत नाही म्हणून 'हिला माया नाही' असं पाहुणे म्हणाले. खरी आईसुद्धा दिवसाकाठी साधारण एकदाच, तीन-चार मिनिटं पाजून निघून जाते. शिकाऱ्याला वाट दिसू नये म्हणून ती लांब राहते.

घरट्याला मी हात लावला नाही. दुसऱ्या वेळी केलेली चूक अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हा 'पिल्लं नाहीत तर पसारा कशाला' म्हणून सगळं झाडून काढलं होतं. हुरडी दिवसभर ती जागा हुंगत फिरली. रात्री पुन्हा केस उपटायला बसली, या वेळी सैल नसलेले. पोटावर लाल चट्टा उठला आणि दोन दिवस ती जेमतेम खात होती. घरटं मोडलं की ती नव्याने सुरू करते. तिचं मन उतरेपर्यंत राहू द्या.

या दिवसांत माझं खरं लक्ष लेंड्यांकडे होतं. उपटताना केस पोटात जातात आणि सशाला उलटी करता येत नाही. सुकं गवत भरपूर आणि पाणी सतत, हाच उपाय. २८ ला लेंड्या बारीक आणि केसांनी माळेसारख्या जोडलेल्या आल्या. पेलेट (विकतच्या खाद्याच्या गोळ्या) कमी केले, गवत वाढवलं, ताजी कोथिंबीर ओलीच दिली. ३० ला लेंड्या पुन्हा गोल, मोठ्या. दहा-बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद राहिल्या तर वाट पाहू नका, डॉक्टर गाठा.

सडं थोडी फुगली होती. दाबून दूध येतंय का बघायचा मोह आवरा, दाबल्याने दूध आणखी येतं. मी रोज फक्त नजरेने पाहिलं. लाल, गरम, कडक गाठ दिसली तर ती दवाखान्याची गोष्ट.

३ फेब्रुवारी

हुरडी स्वतःच घरट्यातलं गवत खाताना दिसली. दोन दिवसांनी त्यातच लघवी केली. मग मी ते काढलं. केस वेगळे करून कागदी पिशवीत ठेवले आहेत. गावात कुणाची मादी व्याली आणि तिने केस कमी उपटले, तर पिल्लांभोवती घालायला चालतात.

ज्यांच्या मादीचा नराशी एकदाही संबंध आला असेल, त्यांनी सतराव्या दिवशी घरटं झालं म्हणून निश्चिंत होऊ नये. ३२ दिवस उलटेपर्यंत खोकं जागेवर ठेवा. नराचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तरी हेच, कारण त्यानंतरही काही आठवडे तो फळवू शकतो.

१६ फेब्रुवारी

सडं पूर्ण बसली. पोटावर बारीक केस उगवले आहेत, हाताला मखमलीसारखे. वजन २ किलो ३१० ग्रॅम.

ऑपरेशनचं ठरवलंय, दोघींचंही. एक वर्षात तीनदा हे तिच्या अंगावरून गेलं, आणि मोठी भीती पुढची आहे. वय वाढलेल्या, ऑपरेशन न झालेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. मंजी तीन पूर्ण झालीय, म्हणून आधी तिचा नंबर. हुरडीचं लगेच केलं नाही, कारण खोट्या गाभणपणात दुधाच्या ग्रंथी भरलेल्या असतात आणि त्या भागात रक्तपुरवठा वाढलेला असतो. तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत.

एका दवाखान्यात 'आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा' असं सांगितलं. तिथून मी परत आले. जो प्राणी उलटी करूच शकत नाही त्याला उपाशी कशासाठी? त्याचं आतडं थांबणं हाच तर मोठा धोका. दुसऱ्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारल्या : आतापर्यंत किती सशांची भूल दिलीत, आधी खायला द्यायचं का, नंतर वेदनाशामक कोणतं. त्यांनी सांगितलं, ऑपरेशनच्या सकाळपर्यंत गवत चालू ठेवा, येताना तिचं आवडतं खाणं बरोबर आणा म्हणजे शुद्धीवर आली की पुढ्यात ठेवता येईल, आणि पुढचे काही दिवस मेलॉक्सिकॅम. तिथेच नाव नोंदवलं.

मार्च उजाडला की आपल्याकडे ऊन चढतं, एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि सशांना तिशीच जड जाते. म्हणून मंजी २१ ला, हुरडी २८ ला. तोवर जाळी मधे आहे. आज दुपारी दोघी जाळीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून झोपल्या होत्या. मंजीचा एक कान जाळीतून हुरडीच्या बाजूला आला होता.